फॉर्म आज चालतो, उद्या बंद. आणि मी भलत्यालाच एक तारा देऊन बसले

कुळागरवाली (सावईवेरे, फोंडा) | सोमवार, रात्री ११.१०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही उमगायचं नाही.

सावईवेऱ्याला आमचं कुळागर आहे, म्हणजे घरची बागायत. माडी (पोफळी), मिरवेली, जायफळ, चार भिरंडीची (कोकमाची) झाडं. दीर आणि मी पाहुण्यांना फिरवतो, मग केळीच्या पानावर जेवण वाढतो. येण्याआधी पाहुणे आमच्या साइटवर फॉर्म भरतात, तो मला मेलने येतो. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर. भाच्याने करून दिली आणि तो गेला बेंगळुरूला, तेव्हापासून ती माझ्या गळ्यात. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. प्लगिन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम) म्हणजे काय हे साठीत शिकले, तेही अर्धंमुर्धं.

तर, दोन रविवारांपूर्वी भर दुपारी बाराला फाटकाशी मिनीबस उभी. पुण्याची चौदा माणसं. "आम्ही फॉर्म भरला होता." माझ्या मेलमध्ये काही नाही. घरात भात पाच जणांचा. दिरांनी नीरफणस पाडला, मी कापं तळायला घेतली, शेजारणीने खतखत्याचं पातेलं आणून ठेवलं, सोलकढीत पाणी वाढवलं. निभावलं कसंबसं. जाताना त्यांतल्या एका बाईंनी फोन दाखवला. "पाठवा" दाबलं की खाली एक लाल ओळ येत होती. त्यांना वाटलं रेंज गेली, म्हणून पुन्हा दाबलं आणि झालं असेल असं धरून चालल्या.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, प्लगिनं भांडतायत एकमेकांशी, सगळ्यात शेवटी घातलेलं आधी बंद कर. शेवटचं म्हणजे इंग्रजी आकडे देवनागरीत दाखवणारं एक छोटंसं प्लगिन. मी हौसेने घातलेलं, कारण मराठी पानावर इंग्रजी आकडे मला खुपतात. (सवय. तीस वर्षं वह्यांत लाल शाईने दुरुस्त केलेत.) ते बंद केलं, शेजारच्या मुलीला तिच्या फोनवरून फॉर्म भरायला सांगितलं. गेला! मेल आला! मला पटलंच: आकडे बदलले, म्हणून फॉर्म बिथरला. त्याच पावली त्या प्लगिनच्या पानावर जाऊन एक तारा ठेवला आणि लिहिलं, "हे घालू नका. आमचा धंदा बुडवला."

बनवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, अगदी सभ्य: "माझं प्लगिन पान दाखवताना फक्त आकडे बदलतं, फॉर्मच्या आत शिरत नाही. तरी तपासतो. कुठला फॉर्म, काय संदेश येतो, कळवाल का?" मी उत्तर दिलं नाही. रागात होते.

आता खरी गंमत. ते प्लगिन बंदच आहे, आणि बुधवारी परत एकाचा फोन: फॉर्म जात नाही. मी लॅपटॉपवर बघितलं तर जातोय. माझ्याकडे तो नेहमीच जातो. मग गुरुवारी सकाळी पानावरचा जेवणाचा दर बदलला, दिवसभर लोकांचेही फॉर्म आले. शुक्रवारी परत बंद.

माझे प्रश्न दोन. हे भांडण नक्की कुणाचं, ते कसं शोधायचं? एकूण अकरा प्लगिनं आहेत. आणि त्या माणसाचं काय करू? तारा काढून टाकू की आधी खात्री करू?


पोदेर (पणजी) | मंगळवार, पहाटे ५.३५

ताई, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. "माझ्याकडे तो नेहमीच जातो" आणि "दर बदलला की चालतो, दुसऱ्या दिवशी बंद". ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

तुम्ही लॅपटॉपवर लॉगिन असता. त्या अकरांत एक कॅशचं प्लगिन असणार, पैज लावतो. ते पानाची तयार प्रत काढून ठेवतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तीच देतं, म्हणून साइट पळते. पण लॉगिन असलेल्याला सहसा ताजं पान मिळतं. म्हणजे तुम्ही आणि तुमचे पाहुणे दोन वेगळी पानं बघताय.

आता फॉर्म. बऱ्याच फॉर्मांच्या पोटात वर्डप्रेस एक गुप्त चिठ्ठी घालतं, तिला नॉन्स म्हणतात. फॉर्म आपल्याच पानावरून आला ना, याची खूण. देवळातल्या महाप्रसादाचं कुपन समजा, आजचं उद्या चालत नाही. नॉन्सचं आयुष्य जास्तीत जास्त २४ तास, आणि ते १२-१२ तासांच्या टप्प्यांनी मोजतात, त्यामुळे चिठ्ठी कधी बनली त्यावर ती १२ ते २४ तासांत कधीतरी मरते. कॅशने पानाची प्रत काढली तेव्हा त्या दिवसाचं कुपनही प्रतीत छापलं गेलं. प्रत दोन दिवस जुनी झाली की पाहुणा शिळं कुपन घेऊन दारात, आणि दारवान म्हणतो चालायला लागा. हीच तुमची लाल ओळ.

मग आकड्यांचं प्लगिन बंद केल्यावर फॉर्म का गेला? कारण प्लगिन चालू-बंद केलं की काही कॅश प्लगिनं साठवलेल्या प्रती पुसून टाकतात. तुमचं तसलंच असणार. फॉर्मचं सोडून अकरांपैकी कुठलंही बंद केलं असतं तरी त्या रात्री फॉर्म गेला असता. दर बदललात तेव्हाही तेच: पान सेव्ह केलं, त्याची प्रत नवी झाली.

कुणीतरी इथे सांगेलच की हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगिन घाला. चांगलं आहे, एरवी मीही तेच सांगतो. बाकी लोकांची साइट जशीच्या तशी राहते आणि तुमच्यापुरती सगळी प्लगिनं बंद होतात, मग एकेक चालू करून बघायचं. पण ते लॉगिन केलेल्यापुरतंच असतं ना. तुमचा दोष दिसतो फक्त लॉगिन नसलेल्याला. त्यात सगळं गोडच दिसेल आणि तुम्ही आणखी आठवडा घालवाल.

उद्या एवढं करा. काही सेव्ह करू नका, काही बंद करू नका. फोनचा वायफाय काढा, इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) फॉर्म भरा. लाल ओळ आली की लॅपटॉपवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता, तेच पान उघडा, एफ१२ दाबा (ब्राउझरची तपासणीची चौकट उघडते), तिथे नेटवर्कवर जा आणि फॉर्म पाठवा. ४०३ (म्हणजे सर्व्हरने नाकारलं) असं काही लाल आलं तर त्याचा स्क्रीनशॉट काढा. मग पानावर राइट क्लिक करून सोर्स (पानाचा मूळ कोड) बघा, अगदी तळाला जा. पुष्कळ कॅश प्लगिनं तिथे प्रत काढल्याची वेळ लिहून ठेवतात.

पाव संपले, जातो.


मडगांवचो | मंगळवार, दुपारी १.२०

तांत्रिक बाजू पोदेरबाबनी सोडवलीच. मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, आणि माझं मत इथल्या बऱ्याच जणांना रुचणार नाही.

स्वयंसेवक आहे, फुकट देतोय, म्हणून वापरणाऱ्याने तोंड शिवून बसायचं का? माझं हार्डवेअरचं दुकान आहे. चतुर्थीच्या आठवड्यात, म्हणजे रंग आणि लायटिंगचा सगळा धंदा असतो तेव्हा, एका प्लगिनने अपडेट दिला आणि साइट गेली. पांढरं पान. २०१९ साली आलेल्या ५.२ पासून वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या मेलवर आत शिरायची लिंक पाठवतं म्हणे. पाठवलीही असेल. पण तो पत्ता साइट करून देणाऱ्या पोराचा होता, आणि पोरगा बोटीवर! शेवटी होस्टिंगवाल्याने त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं तेव्हा साइट उठली. मी दोन तारे दिले, व्हर्जन लिहिलं, तारीख लिहिली, आणि ते आजही तसेच आहेत. त्याच व्हर्जनवर आणखी तिघांनी तेच लिहिलं होतं. फुकटच्या जेवणात खडा लागला तर खडा म्हणायचं नाही काय?

ताईंचं वेगळं. त्यांचा खडा दुसऱ्याच ताटातला निघतोय. पण म्हणून इथे सगळ्यांनी "बिचारे स्वयंसेवक" सुरू करू नये.

आणि हो, ज्यांनी कुणी साइट दुसऱ्याकडून करून घेतलीय त्यांनी आजच सेटिंग्जमध्ये जाऊन प्रशासकाचा मेल कुणाचा आहे ते बघा.


रात्रपाळी (म्हापसा) | बुधवार, रात्री १२.४५

मी त्या दुसऱ्या बाजूचा. दिवसा वेर्णेला नोकरी, रात्री कोड. माझी दोन छोटी प्लगिनं आहेत, पैसे शून्य.

मडगांवचो, खडा लागला म्हणा की. फक्त कुठल्या घासाला लागला तेही सांगा. तुम्ही सांगितलंत: व्हर्जन, तारीख, काय झालं. असे दोन तारे मी फ्रेम करून लावेन.

माझं एक प्लगिन फेरीबोटीचं वेळापत्रक दाखवतं. पुढची बोट किती वाजता, एवढंच. रायबंदर-चोडणसारख्या फेऱ्यांसाठी गंमत म्हणून केलं होतं, मग बाहेरगावचे लोक बससाठीही वापरायला लागले. एका आठवड्यात दोन तक्रारी आल्या. पहिली: "वेळा चुकीच्या. थर्ड क्लास." एक तारा. दुसरी: "नवीन इन्स्टॉल. सकाळी ८ वाजता बघितलं तर घड्याळ दुपारचे १.३० समजतंय. बरोबर साडेपाच तास पुढे. काल एक कॅलेंडरचं प्लगिन घातलं, त्यानंतर सुरू झालं."

साडेपाच तास! भारतात राहणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामरला हा आकडा झोपेतही कळतो. वर्डप्रेस आपल्यापुरता पीएचपीचा (ज्या भाषेत ते लिहिलंय तिचा) टाइमझोन यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे ठेवतं. मी तेच गृहीत धरून वर हाताने साडेपाच तास मिळवले होते. त्या कॅलेंडरवाल्याने सगळ्या साइटचाच टाइमझोन बदलून भारताचा केला. झालं, साडेपाच दोनदा मिळवले गेले. त्याने तसं करणं चूकच, वर्डप्रेसच्या साइट हेल्थमध्ये त्याची वेगळी तपासणीही आहे. पण हाताने बेरीज करण्याचा आळस माझा. वर्डप्रेसची स्वतःची वेळेची फंक्शनं वापरली असती तर त्याने काही केलं तरी मला फरक पडला नसता. दोघांचाही कोड एकेकटा बरोबर चालायचा. मी वीस मिनिटांत दुरुस्ती केली, त्यालाही कळवलं.

"थर्ड क्लास"वाल्याचाही दोष तोच असणार. पण त्याच्या चार शब्दांवर मी दोन रात्री घालवल्या, आणि त्या दोन्ही रात्री दुरुस्तीपेक्षा चिडण्यातच जास्त गेल्या.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. लिनक्सच्या जगात एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी आहे. ती लॅसे कॉलिन नावाचा एकच माणूस बिनपगारी सांभाळायचा. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर अनोळखी नावांनी तगादा सुरू झाला: कामं अडलीत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. त्याने उत्तरात लिहिलंही, की मनाच्या आरोग्याचा त्रास चालू आहे आणि हे माझं बिनपैशाचं छंदाचं काम आहे. शेवटी मदतीला आलेल्या एकाला अधिकार मिळाले, आणि त्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदार घातलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खणलं, म्हणून जग वाचलं. चोर बाहेरून आला खरा, पण त्याला आत घ्यायला लावलं ते त्या तगाद्याने.

ताई, तुमच्याकडून तसं काही झालेलं नाही. पण त्या माणसाला उत्तर द्या. त्याने विचारलेलं अजून तसंच पडलंय.


मडगांवचो | बुधवार, सकाळी ९.०५

साडेपाच तासांची गोष्ट आवडली. बाकी, तुमचं ते प्लगिन बससाठी माझ्या मेहुण्याने लावलंय असं आत्ता कळलं. त्याला सांगतो तारे द्यायला. पाच नव्हे, आधी वापरून बघू दे.


कुळागरवाली | गुरुवार, रात्री १०.३०

पोदेरबाब, पाव गरमागरम निघाला.

मंगळवारभर कशालाही हात लावला नाही. बुधवारी दुपारी फोन घेऊन विहिरीजवळ गेले (घरात मोबाइलची रेंज नाही, पाटाच्या कडेला दोन कांड्या येतात), इन्कॉग्निटोत फॉर्म भरला. लाल ओळ! इतका आनंद झाला की दीर धावत आले, त्यांना वाटलं साप दिसला. मग लॅपटॉपवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये एफ१२, आणि त्या यादीत एकच ओळ लाल, ४०३. सोर्सच्या तळाशी इंग्रजीत तारीख: सोमवार, सकाळची. म्हणजे पान दोन दिवसांचं शिळं.

मग कॅशच्या सेटिंग्जमध्ये गेले आणि तिथे मला माझंच हस्ताक्षर सापडलं. साठवणीची मुदत: ७ दिवस. भाच्याने १० तास ठेवली होती. गेल्या महिन्यात साइट हळू वाटली म्हणून मीच ती वाढवली, आणि आकड्यांचं प्लगिन घातलं तेही त्याच आठवड्यात. हे मी साफ विसरले होते. भाच्याने "शेवटी काय घातलंस" विचारलं, मी प्लगिन सांगितलं. "शेवटी काय बदललंस" असं विचारलं असतं तर कदाचित आठवलं असतं. कदाचित.

फॉर्मचं पान आता कॅशमधून वगळलंय, बाकीची मुदत परत १० तास. आकड्यांचं प्लगिन पुन्हा चालू केलं. आज दुपारपर्यंत एकदाही काही सेव्ह न करता तीन फॉर्म आले, त्यांतला एक आमच्या शेजारणीच्या मुलीचा, पण दोन खरे.

आता ताऱ्याचं. त्या प्लगिनला माझ्याआधी सहाच जणांनी तारे दिले होते, सगळ्यांनी पाच. माझ्या एकामुळे सरासरी ५ वरून ४.४ वर आली. वर्गात एका पोराचं नाव मी चुकून मॉनिटरच्या यादीत वात्रट म्हणून लिहिलं होतं, तेव्हा जसं वाटलं तसंच वाटलं.

रिव्ह्यू पुसून टाकावा असं आधी मनात आलं. पण बदलता येतो, आणि पुसला तर माझ्यासारखी दुसरी कुणी हीच चूक करेल तिला काय सापडणार? म्हणून तोच बदलला. आता तिथे असं आहे:

"आधी मी याला एक तारा देऊन फॉर्म बंद पडल्याचा दोष दिला होता. तो चुकीचा होता. माझ्या कॅशची मुदत ७ दिवस होती, त्यामुळे फॉर्मचा नॉन्स शिळा व्हायचा. हे प्लगिन बंद केल्यावर कॅश पुसली गेली आणि मला वाटलं दोष याचाच. प्लगिन जे सांगतं तेच करतं. चार तारे."

चारच का, असं रात्रपाळी विचारतील. कारण प्लगिन परत चालू केल्यावर एक खरी अडचण दिसली. जेवणाच्या चौकटीत आमचा फोन नंबर आहे, तोही देवनागरीत दिसायला लागलाय. आज एका दिल्लीच्या पाहुण्यांचा मेल आला, हा नंबर वाचायचा कसा? दोष म्हणावा की माझी मागणी, ठरवता येईना, म्हणून रिव्ह्यूत काही लिहिलं नाही. सपोर्टच्या पानावर वेगळं लिहिलं. वर्डप्रेसचं व्हर्जन, त्यांच्या प्लगिनचं व्हर्जन, थीमचं नाव, आणि "पान उघडा, खालच्या चौकटीत बघा, नंबर देवनागरीत दिसतो, तारखा देवनागरीत आणि फोन नंबर इंग्रजीत राहील अशी सोय करता येईल का". आधी त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं, माफी मागितली, मग हे. माफी मराठीत मागायची की इंग्रजीत यावर अर्धा तास गेला. मराठीत मागितली.


रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १.१५

चार चालतील. नंबरवाली तक्रार वाचली, तिच्यात मला विचारावंसं काही उरलेलं नाही. फक्त तोपर्यंत तो नंबर चौकटीत चित्र म्हणून टाकू नका, पुष्कळ जण तसं करतात. फोनवरून चित्रावर टिचकी मारून कॉल लागत नाही.


पोदेर | शुक्रवार, पहाटे ५.५०

सात दिवस! ताई, सात दिवसांचा पाव मीसुद्धा विकत नाही.


कुळागरवाली | शुक्रवार, रात्री ९.४०

चित्र टाकलंच होतं. काढलं.

आकडेवाल्यांचं उत्तर आलं: "कळवल्याबद्दल आभार. फोन नंबर वगळायची सोय करता येईल. रविवारी बघतो." पोदेरबाब, मडगांवचो, रात्रपाळी, देव बरें करूं. कधी या बाजूला आलात तर फॉर्म भरा. उद्या नऊजण आहेत, नारळ सोलायचे राहिलेत.